किल्ली एकाच वेळी द्यावी

डॉक्टर जागा सोडतोय ही बातमी तुडीलला पोचली तेव्हा तुळजाबाई सासरच्या अंगणात वाल पाखडत होत्या. पहिला फोन थोरल्या भावाचा.

"आक्के, भिक्यानं डॉक्टरला पळवला."

एवढं बोलून कोंडाजीनं फोन ठेवला. सुपातला कचरा खाली पडतो न पडतो तोच दुसरा फोन वाजला. हा धाकटा.

"आक्का, दादानं डॉक्टरला भगवला. मॅटर शिरेस हाय."

तुळजाबाईंनी सूप भिंतीला टेकवलं. आठ दिवसांवर शिमगा होता. त्यांनी दोन पिशव्या काढल्या आणि मापून मापून दोन्हींत सारखे वाल भरले. एकीत चार दाणे जास्त पडल्यासारखे वाटले, म्हणून ते काढून कोंबड्यांना टाकले. भावांच्या घरी न्यायची वस्तू त्या अकरा वर्षं अशीच भरत होत्या. एकदा लोणच्याची एक बरणी दुसरीपेक्षा बोटभर उंच निघाली, तेव्हा दिवाळीपर्यंत एका घरी त्यांना नुसता कोरा चहा मिळाला होता.

महाडला गाडी बदलून त्या पोलादपूरला उतरल्या आणि उतेकरांच्या अंगणात शिरल्या. घर साधंच, एका ओळीत तीन दारांचं. डावीकडे कोंडाजी, उजवीकडे भिकाजी आणि मधल्या खोलीत देव आणि भाडेकरू. तुळजाबाई लहान होत्या तेव्हा हे एकच घर होतं. मधल्या खोलीत आई जात्यावर बसायची आणि हे दोघे भाऊ जात्याच्या भोवती एकमेकांमागे पळत सुटायचे. आई म्हणायची, "दळण कमी आन धूळ जास्ती." तिचं म्हणणं पुढे इतकं खरं होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी शिमग्याला गावदेवीची पालखी या अंगणात आली, तेव्हा डाव्या दारातून कोंडाजी नारळ घेऊन निघाला आणि उजव्या दारातून भिकाजी. कोंडाजीचं म्हणणं, मी थोरला. भिकाजीचं म्हणणं, बाबांनी त्यांच्या शेवटच्या शिमग्याला नारळ माझ्या हातात दिला होता. कोंडाजीच्या मते तो नुसता धरायला दिला होता, बाबांना डोक्याचा पटका सारखा करायचा होता म्हणून. पालखीचे गडी पाऊण तास ओझं खांद्यावर घेऊन उभे राहिले. ढोलवाल्याला येत होतं तेवढं वाजवून संपलं आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी गावकीतला एक म्हातारा म्हणाला, "घर एक, देव एक, नारळ एक. पुढल्या साली दोन दिसले, तर पालखी ह्या अंगणात चढायची नाय."

त्या आठवड्यात दोघा भावांनी मधल्या खोलीत उघडणारी आपापली आतली दारं खिळे मारून बंद केली आणि बोलणंही. मधली खोली सामाईक. ती घ्यायची कुणी? मग तोड निघाली. खोली भाड्यानं द्यायची, देवांना दिवा भाडेकरूनं लावायचा, आणि ज्याच्या ताब्यात देव त्याच्याच हातचा नारळ पालखीला. गावकीनं मान डोलावली. तेव्हापासून उतेकरांचा नारळ आधी एका शाळामास्तरानं दिला, मग पतपेढीतल्या एका कारकुनानं, आणि गेले दोन शिमगे सूरजनं.

सूरज गुरांच्या दवाखान्यातला माणूस, लातूरकडचा. कागदोपत्री डॉक्टर नव्हता, पण हातात सुई असली की लोक डॉक्टर म्हणणारच. आता त्यानं नोटीस दिली होती. करार अकरा महिन्यांचा होता आणि त्यातले जेमतेम चार झाले होते. मधल्या दाराला कुलूप लागलं तर शिमग्याला पालखी अंगणाच्या दगडी गडग्यापाशी क्षणभर थांबून पुढच्या घरी निघून जाणार होती. तुळजाबाईंना चौऱ्याहत्तरावं चालू होतं. माहेरच्या दारावरून पालखी तशीच गेलेली बघायला काही त्या वाल मोजत जगल्या नव्हत्या.

सकाळचं जेवण थोरल्याकडे, संध्याकाळचं धाकट्याकडे, असा त्यांचा नियम. त्यामुळे आधी कोंडाजीची कैफियत ऐकावी लागली.

"कारण काय सांगतो डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"बोल्ला, दवाखाना लांब पडतो."

तुळजाबाईंनी दारातून बाहेर बघितलं. रस्त्याच्या पलीकडे दवाखाना दिसत होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात बांधलेल्या बैलाची शेपटीसुद्धा दिसत होती.

"तेच मी म्हणतो," कोंडाजी म्हणाला. "असला कारण माणूस स्वतःच्या मनानं सांगत नाय. शिकवलेला हाय. भिक्याला खोली पाहिजे. त्याच्या पोराला, हर्षदला, कामावर बढती मिळाली, आता त्याला घर वाढवायचा हाय."

"दुसरा भाडेकरू बघायचा मग."

"दोन आणले डॉक्टरनंच. पहिला मला पसंत होता. भिक्या बोल्ला, नको."

"आन दुसरा?"

कोंडाजीनं ताटातला भात कालवत राहणं पसंत केलं. उत्तर त्याच्या बायकोनं, बयाबाईंनी दिलं. "दुसरा भावजींना पसंत होता."

बयाबाई एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. एरवी भावजींचं नाव निघालं की त्या अर्धा तास तरी थांबत नसत. तुळजाबाईंच्या हे लक्षात आलं, पण भात गरम होता.

जेवण झाल्यावर कोंडाजीनं पेटीतून करार काढला. स्टॅम्प वेंडरकडचा छापील मजकूर त्याला कच्चा वाटला होता, म्हणून शेवटचं कलम त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं.

"जागा सोडतेवेळी भाडेकरूने खोलीची किल्ली दोन्ही मालकांच्या हाती, दोघे समक्ष हजर असताना, एकाच वेळी द्यावी. एकाच्या हाती दिल्यास जागा सोडली असे धरले जाणार नाही."

"हे कशाला रे लिवलंस?"

"भिक्यानं परस्पर घेऊ नये म्हणून."

"मग मास्तरानं कशी दिली?"

"मास्तरानं कारकुनाला दिली, कारकुनानं डॉक्टरला. आमच्या हातात कधी आलीच नाय." कोंडाजीनं कागदाची घडी घातली. "आता डॉक्टरच्या मागं कोण नाय. आज दिवेलागणीच्या आत अंगणात किल्ली देतो बोल्ला. म्हणून तर तुला बोलावली, आक्के. त्या माणसासमोर मी एकटा उभा ऱ्हाणार नाय."

"त्या माणसाला मी न्हाऊ घातलाय," तुळजाबाई म्हणाल्या आणि चटईवर आडव्या झाल्या.

डोळा लागला न लागला तोच भिंतीतून हसण्याचा आवाज आला.

डॉक्टर तर कामावर. कोंडाजी बाहेर ओट्यावर घोरत होता. तुळजाबाई उठल्या, भिंतीला कान लावला. कपबशीचा आवाज. त्या आतल्या दारापाशी गेल्या. अकरा वर्षांपूर्वीचे चार मोठे खिळे दारावर होते तिथंच होते. त्यांनी त्यातल्या एकावर सहज बोट ठेवलं आणि खिळा त्यांच्या हातात आला. भोकात नुसता अडकवलेला. दुसराही आला. तिसऱ्याला हात लावायची गरज पडली नाही. दार आपणच आत गेलं.

मधल्या खोलीत देवांसमोर पाट मांडून बयाबाई आणि भिकाजीची सून अनुपमा चहा पीत बसल्या होत्या. बयाबाईंची बशी ओठाशी तशीच राहिली. पलीकडे भिकाजीच्या बाजूचं दारही अर्धं उघडं होतं.

तुळजाबाईंनी तिथल्या तिथे फतकल मारली.

"तिसरा कप हाय काय गो?"

अनुपमा महाडच्या बाजारपेठेत वाढलेली, कुठल्याही प्रसंगात तोंडाला कुलूप न लागणारी. पण तिलाही दोन क्षण लागले. मग ती म्हणाली, "आत्याबाई, तुमची शपथ, आम्ही रोज नाही बसत."

"रविवारी नाय बसत," बयाबाईंनी दुरुस्ती केली. "रविवारी डॉक्टर घरी असतो."

मग सगळं बाहेर आलं. ज्या जुलैत पोलादपूरच्या डोंगरांनी धीर सोडला, रस्ते बंद, वीज बंद, त्या रात्री अनुपमा दीड महिन्याच्या लेकीला घेऊन घरात एकटी होती. हर्षद कामावर अडकलेला, भिकाजी मुंबईला. मधल्या खोलीतला कारकून आदल्याच दिवशी गावाला गेलेला. बाळ रडत होतं आणि पाऊस ऐकू येत होता. पहाटेच्या सुमाराला तिच्या आतल्या दारावर पलीकडून ठोका पडला आणि बयाबाईंचा आवाज आला, "पोरी, भिऊ नको. माझ्या बाजूचे खिळे काढले मी. आता तुझ्या दाराला जोर लावते. तू बाजूला हो." कोयत्यानं उपटलेले ते खिळे सकाळी दोघींनी पुन्हा भोकांत नीट बसवले. पुरुषमंडळींना कशाला त्रास?

"आन डॉक्टरला ठावं हाय?"

"त्याला कसं माहीत नसेल?" अनुपमा म्हणाली. "त्याचीच साखर आहे ही. आम्ही आणून टाकतो अधूनमधून. पण नेमकी संपते ती त्याचीच. बिचाऱ्यानं कधी चकार शब्द काढला नाही."

"मग जातो कशाला?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. बयाबाईंनी पदर तोंडाला लावला. सांगायचं काम अनुपमाकडे आलं.

"त्याचं लग्न ठरलंय ना. गौतमी नाव मुलीचं. गेल्या महिन्यात ती खोली बघायला आली, दुपारची, त्याला न सांगता. दारावर वाजवलं. मी दार उघडलं. आम्हाला काय माहीत कोण ते? मी म्हटलं, या, बसा, आपलंच घर समजा."

"मी तिला चहा दिला," बयाबाई म्हणाल्या. "तिच्याच कपातून. रुखवताचा हाय सेट, तिनंच पुढं पाठवलेला."

"जाताना तिनं विचारलं, तुम्ही इथे कोण? काकू म्हणाल्या, कोण नाय गो, आम्ही अशाच."

तुळजाबाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. हसू ओसरल्यावर मात्र अनुपमाचा चेहरा त्यांना दिसला. ती कपाच्या तळाशी राहिलेल्या साखरेकडे बघत होती.

"आता कुलूप लागेल," अनुपमा म्हणाली. "मग मामंजी नवे खिळे मारतील. लांब आणतील ह्या वेळेला."

"आमच्याकडं तर आणून ठेवलेत," बयाबाई म्हणाल्या. "पेटीत. करारापाशी."

मग तुळजाबाईंनी बशी उपडी घातली. "संध्याकाळी तुमी अंगणात येऊ नका," त्या म्हणाल्या. "दिवेलागणीला हिथंच ऱ्हावा. आन ह्या दोनी दारांना आतल्या बाजूनं कड्या हायत का?"

"आहेत."

"जाम झाल्यात का?"

"छे. खोबरेल लावतो," अनुपमा म्हणाली.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा अंगणात बैठक भरली. भरली म्हणजे कोंडाजी डाव्या पायरीवर, भिकाजी उजव्या पायरीवर, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. मध्ये तुळजाबाई पाट टाकून. सूरजनं सामान मोटरसायकलवरून तीन फेऱ्यांत महाडच्या नव्या जागी नेलं होतं. दाराला कुलूप घालून तो किल्ली घेऊन उभा होता. पितळी, वीतभर लांबीची, आजोबांच्या वेळची. तिला जोड नव्हती.

"डॉक्टर," कोंडाजी दवाखान्याच्या दिशेला बघत म्हणाला, "त्याला विचारा, त्याचा हर्षद कुठं हाय?"

"ह्याला बोला, दुसरी पाळी हाय," भिकाजी एसटी स्टँडकडे बघत म्हणाला. "आन हे बी बोला, की माणूस फालतूमध्ये जात नाय. कोणी पाण्याची मोटर बंद केली काय, कोणी रात्री-अपरात्री खोकला काढला काय."

"मी खोकतो माझ्या घरात!" हे कोंडाजी चुकून सरळ भावाला म्हणाला आणि लगेच डॉक्टरकडे वळला. "असं सांगा त्याला."

"काका, दोघांपैकी कुणाचीच काही चूक नाही," सूरज म्हणाला. "दवाखानाच जरा..."

पलीकडून बैल हंबरला. सूरजनं वाक्य तिथंच सोडलं.

"कलमाप्रमाणं द्या किल्ली," तुळजाबाई म्हणाल्या. "दोघं उठा."

दोघे उठले. अकरा वर्षांत इतक्या जवळ ते एकदाच उभे राहिले होते, मतदानाच्या रांगेत, आणि तेव्हा मध्ये पोलीस होता. सूरजनं किल्ली पुढे केली. कोंडाजीनं हात पसरला. भिकाजीनं त्याच्यावर आपला हात ठेवला.

"डॉक्टर, वरचा हात त्याचा झाला," कोंडाजी म्हणाला. "किल्ली त्याला मिळाली असं होतंय." त्यानं खालचा हात काढून वर ठेवला.

भिकाजीनं आपला खालचा काढून त्याच्या वर ठेवला. कोंडाजीनं पुन्हा. दोन हातांचे चार हात झाले. हात एकावर एक चढत छातीपर्यंत आले, मग हनुवटीपर्यंत. सूरज किल्ली घेऊन हळूहळू टाचा उंचावत होता. भिकाजीचे डोळे भावाच्या हातावर होते. त्या हातावर करंगळीच्या खाली जुना व्रण होता. फणसाच्या आठळ्या भाजताना झालेला. शेवटची आठळी कुणाची ह्यावरून दोघांनी असेच हात चढवले होते, चुलीच्या तोंडाशी, आणि आक्का ओरडली होती...

"मेल्यांनो, पडाल!" तुळजाबाई ओरडल्या. अगदी त्याच आवाजात.

दोघांनी दचकून हात काढले. नेमक्या त्याच क्षणी सूरजनं किल्ली सोडली होती. ती पायरीवर आपटली, एकदा उडाली आणि जोत्याच्या दोन दगडांमधल्या फटीत गेली. आत बराच वेळ घरंगळत असल्यासारखी वाजली.

त्या फटीत धामण राहत होती. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. बाबा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात ती आली, म्हणून तिला कुणी हुसकलंही नव्हतं.

"घाल हात," कोंडाजी म्हणाला.

"तू थोरला. तुझा मान," भिकाजी म्हणाला.

बोलण्यात मधे डॉक्टर नव्हता. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

"कुलूप तोडूया."

"कोण तोडणार? मी तोडला तर बोलशील, भिक्या घरात घुसला."

"आन मी तोडला तर तू पोलिसात जाशील."

"अरे, दिवा!" तुळजाबाई कपाळावर हात मारत म्हणाल्या. "तिन्हीसांज झाली. देव अंधारात हायत. आजपत्तुर ह्या घरात असं कधी झालं नाय."

दोघेही मधल्या खिडकीकडे वळले. आत काळोख होता. मग त्या काळोखात काडी ओढल्याचा आवाज झाला आणि देवांपुढे समई लागली.

कोंडाजीनं दाराकडे बघितलं. कुलूप होतं तसं होतं. भिकाजी दोन पावलं मागे सरला. मुंबईत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, पण त्यानं आधी फटीकडे बघितलं आणि मग हात जोडले.

"बाबा," तो हळूच म्हणाला.

"बाबा नाय, भावजी, मी हाय," आतून बयाबाईंचा आवाज आला. "चहा टाकलाय."

दोघे खिडकीच्या गजांना जाऊन भिडले. आत समईच्या उजेडात बयाबाई वाती सारख्या करत होत्या आणि अनुपमा शेगडीवर आधण ठेवत होती. ती शेगडी आणि साखरेचा भरलेला डबा डॉक्टरनं सामान हलवताना मागे ठेवला होता.

"तू आत कशी गेलीस?" कोंडाजीनं विचारलं.

"दारातून."

"खिळे?"

"पाच वर्षं झाली त्याला."

कोंडाजीनं सूरजकडे बघितलं. सूरजनं मान खाली घातली. "साखर म्हणजे... तसं काही नाही, काका. पण गौतमी म्हणाली की..."

"तुमी जा आता, डॉक्टर," तुळजाबाई म्हणाल्या. "लग्नाची पत्रिका दोन घरांत दोन द्या. नको, एकच द्या."

मोटरसायकलचा आवाज उताराला लागेपर्यंत भाऊ खिडकीशीच उभे होते. मग दोघांना एकाच वेळी सुचलं आणि दोघे आपापल्या दाराकडे धावले. कोंडाजी आपल्या घरातून आतल्या दारापर्यंत गेला. खिळे जमिनीवर पडले होते. त्यानं दार ढकललं. आतून कडी होती. पलीकडून भिकाजीचाही धक्का ऐकू आला आणि त्याचीही शिवी.

"बये, कडी काढ!"

"काढते की. आठ दिवसांनी पालखी येणार. नारळ कोण देणार, तेवढं दोघं ठरवून या."

दोघे पुन्हा अंगणात आले. तुळजाबाई पाटावर बसूनच होत्या. त्यांना कडेच्या गडग्यापाशी पालखीचे गडी उभे असल्यासारखे दिसत होते, खांदे अवघडलेले.

दोघे भाऊ मधल्या बंद दाराच्या पायरीवर बसले. मध्ये ती फट होती, म्हणून दोघांनीही पाय वर घेतले. आतून चहाचा वास येत होता.

"पटका सारखा करायला दिला होता बाबांनी," बऱ्याच वेळानं कोंडाजी म्हणाला.

"ठावं हाय मला."

"ठावं हाय? मग अकरा वर्षं काय झोपलावतास?"

"तू विचारलंस कधी? डॉक्टरच्या तोंडून असलं बोलता येतं काय?" भिकाजीनं नाक ओढलं. "नारळ तू दे. थोरला हायस. फोडीन मी."

"तू फोडलास की पाणी सगळं अंगावर घेतोस."

"मग तू धर. मी मारतो."

"हात धरून मार. माझी बोटं हायत."

"ऐकलंत काय गो?" तुळजाबाईंनी खिडकीकडे तोंड करून विचारलं. "ठरलं."

भाऊ उठले आणि आपापल्या घरात शिरून आपापल्या दारापाशी उभे राहिले. कडी निघाली नाही. कोंडाजीनं कान लावला. पलीकडच्या दाराला भिकाजीनंही लावला असणार.

"आधी तुमची काढा, काकू. तुम्ही थोरल्या," अनुपमा म्हणत होती.

"नको गो. त्या रातीला मी आधी दार उघडलं, आज तुझी पाळी. आधी तुझी."

"असं कसं? मान तुमचा."

चहा उतू गेल्याचा आवाज आला, आणि कड्या अजून लागलेल्याच होत्या.